पावणेसहा पौंडांची रायफल

फ्रीझर अर्धाच खरवडून झाला होता. डाव्या बाजूचा बर्फ निघाला होता, उजवीकडचा बोटभर जाडीचा थर अजून भिंतीला धरून होता, आणि वेर्ला टांगेन गॅरेजच्या गार फरशीवर गुडघे टेकून लाकडी उलथन्याने तो फोडत होती. दर नोव्हेंबरात हे काम ती चर्चमधलं एखादं गीत गुणगुणत करायची, कारण फ्रीझर रिकामा करायचा तो भरण्यासाठीच. यंदा तोंडातून सूर निघत नव्हता. तळाशी मांसाची चार पुडकी उरली होती. पांढऱ्या कागदावर ऑरिनच्या हातची अक्षरं होती, ‘एल्क, मान’, ‘एल्क, खिमा’, आणि खाली गेल्या सालची तारीख. एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, पडलं की दोन माणसांचं वर्ष निघतं. टांगेनांच्या घरात, एखादं साल सोडलं तर, बेचाळीस वर्षं असंच निघत आलं होतं.

बाहेर गाडीचं दार वाजलं. सोमवार होता, म्हणजे पास्टर एकहोल्म. ऑरिनला चर्चची पायरी चढवेना तेव्हापासून दर सोमवारी ते घरी येऊन त्याला प्रभुभोजन देत. वेर्लाने पुडकी बर्फाच्या बादलीत ठेवली, हात एप्रनला पुसले आणि ती आत गेली.

ऑरिन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर गोधडी. करवतीच्या कारखान्यात तीस वर्षं पाती घासली, त्या धुळीने फुप्फुसं खाल्ली होती. कधीकाळी सहा फूट तीन इंच असलेला हा माणूस आता खुर्चीवर वाळत घातलेल्या कोटासारखा दिसायचा.

“ये वेर्ला,” पास्टर रोटीचा लहान डबा उघडत म्हणाले, “आपण तिघं मिळून घेऊ.”

“तुम्ही दोघं घ्या. माझे हात ओले आहेत.”

“देवाला ओले हात चालतात.”

“आज नको, पास्टर.”

“कालही तू बाकावरच बसून राहिलीस.”

वेर्लाने चहाचं आधण ठेवलं, ते कुणीच मागितलं नव्हतं. ऑरिनने रोटीचा तुकडा जिभेवर घेतला, डोळे मिटले, आणि मग डोळे उघडून बराच वेळ बायकोच्या पाठीकडे बघत राहिला.

पास्टर गेल्यावर तो म्हणाला, “फांदी होती म्हणालीस ना?”

“कसली फांदी?”

“बुधवारची. गोळी फांदीला घासून सरकली म्हणालीस.”

“हो.”

“कसलं झाड होतं?”

“फर,” वेर्ला म्हणाली, आणि कपात दोनदा साखर घातली.

“हं.” त्याने दम घेतला. आताशा एका वाक्याला दोन दम लागायचे. “उद्या खडीच्या खाणीवर जाऊ. रायफलीवरची दुर्बीण हललीय का बघू. शनिवारी तुला हरणाला जायचंय.”

शिकारीचा मोसम रविवारी संपत होता. रविवारी वेर्ला शिकार करत नसे, तिच्या आईनेही कधी केली नव्हती. म्हणजे हातात शनिवारच होता. फ्रीझरमध्ये चार पुडकी होती, एल्कचा परवाना वाया गेला होता, हरणाचा एक शिल्लक होता, आणि जी रायफल घेऊन जायचं तिची वेर्लाला भीती वाटत होती. ही भीती तिने देवाला सांगितली होती. नवऱ्याला सांगितली नव्हती.

सांगणार तरी कशी? टॅमरॅक क्रीकमध्ये निम्म्या घरांत भिंतीला टांगलेली रायफल ऑरिनच्या सल्ल्याने आलेली होती. आठवडाभर कारखाना आणि शनिवारी एल्डन प्रुएटच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणं, असं त्याने सव्वीस वर्षं केलं. माणूस आला की ऑरिन आधी बंदूक दाखवायचाच नाही. तीन प्रश्न विचारायचा. डोंगरात किती चालतोस? किती लांबून मारतोस, खरं सांग. आणि वर्षातून किती गोळ्या झाडतोस? उत्तरं ऐकून तो काडतूस ठरवायचा. फुशारकी मारणाऱ्याला मॅग्नम, म्हणजे दांडग्या काडतुसाची बंदूक, कधीच देत नसे. “भोक मोठं पाडून काय करतोस?” असं भर दुकानात विचारायचा. “जागा चुकली तर तोफेनेही जनावर सुखाने मरत नाही.” मॅग्नम मागायला आलेले किती तरी बाप्ये साधी थर्टी-ऑट-सिक्स घेऊन मान खाली घालून परत गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच ऑरिनला मांस आणून दिलं.

त्याच ऑरिनने गेल्या हिवाळ्यात, डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितल्यावर, बायकोसाठी रायफल बनवून घेतली. त्याची स्वतःची थर्टी-ऑट-सिक्स दुर्बिणीसकट नऊ पौंडांची, दस्ताही त्याच्या मापाचा लांब. तीन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून वेर्लाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते वजन तिला चढावर पेलत नसे. म्हणून नवी रायफल हलकी. दस्ता त्याने स्वतः बसल्या बसल्या तासला, दम लागेल तसा थांबत, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. नळी बारीक घेतली. सगळी मिळून पावणेसहा पौंड, हातात घेतली तर झाडूसारखी. आणि कॅलिबर घेतलं थ्री हंड्रेड मॅग्नम.

“उंदरापासून अस्वलापर्यंत सगळ्याला एकच,” तो एल्डनला फोनवर म्हणाला होता.

हलकी रायफल आणि दांडगं काडतूस. धक्का गिळायला बंदुकीत वजनच नाही, तो सगळा खांद्याने गिळायचा. सप्टेंबरात खाणीवर वेर्लाने पहिल्या तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा तिच्या दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या. खांद्यावर बशीएवढा काळानिळा डाग उठला होता. पण नशिबाने तिन्ही गोळ्या कागदी ताटलीत बसल्या. ऑरिन पिकअपच्या सीटवरून ताटली हातात घेऊन हसला. कित्येक महिन्यांनी हसला. त्या हसण्यापुढे तिने गळाबंद स्वेटर घातला आणि तोंडाला कुलूप लावलं.

आणि मग तो बुधवार आला.

सकाळी नऊचा सुमार होता. झाडं तोडून मोकळ्या झालेल्या उतारावर एल्कची मादी एकटीच उभी होती, दीडशे पावलांवर, आडवी. याहून सोपं जनावर देव देत नाही. वेर्लाने दस्ता खांद्याला लावला, आणि चाप ओढण्याआधीच तिचं अंग चोरलं गेलं. डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा मादी पाठ कमानीसारखी करून, पाय ओढत झाडीत शिरत होती. पाठ अशी झाली म्हणजे गोळी पोटात, हे वेर्लाला कुणी सांगायला नको होतं. तिथे कुठे फांदी नव्हती. पानही नव्हतं.

रीतीप्रमाणे ती तासभर थांबली. मग रक्त धरून निघाली. रक्तात हिरवट पाणी होतं. दुपारी दोनपर्यंत ती ओढ्यांतून, पडलेल्या झाडांवरून रांगत गेली, आणि मग बर्फ पडायला लागला. अर्ध्या तासात खुणा झाकल्या. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. तिने माग सोडला होता तिथून जेमतेम दोनशे पावलांवर मादी पडलेली होती, चार पाय पोटाशी घेऊन. म्हणजे लगेच गेली नव्हती. बसली होती, वाट बघत. कोल्ह्यांनी मागचा भाग उघडला होता आणि उरलेलं मांस फुगून हिरवं झालं होतं. वेर्लाने बर्फात गुडघे टेकले. प्रार्थना सुचली नाही. तिने खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली आणि चाकूने तिच्यावरची तारीख कापली, म्हणजे परवाना वापरून झाला.

हा टांगेनांच्या घरचा कायदा होता. रक्त सांडलं की ते जनावर तुझं, हाती येवो न येवो. कितीतरी जण अशी चिठ्ठी कोरी ठेवतात आणि दुसरं जनावर शोधायला निघतात. ऑरिनने आयुष्यात एकदाच जनावर हरवलं होतं, सत्त्याऐंशी साली, आणि त्या वर्षी त्या दोघांनी बटाटे खाऊन हिवाळा काढला होता. वेर्लाने घरी येऊन कापलेली चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बरोबर केलंस.” मग विचारलं, “कसं झालं?” तेव्हा तिच्या तोंडून फांदी निघून गेली.

“फांदी येते,” ऑरिन म्हणाला होता. दोषाचा एक शब्द नाही. त्यामुळे ते खोटं जास्तच जड झालं. तोंडात खोटं घेऊन त्यावर रोटी कशी ठेवायची, म्हणून ती रविवारी बाकावर बसून राहिली होती.

मंगळवारी दहा वाजता ते खाणीवर पोचले. थंडी कोरडी होती. वेर्लाने पुठ्ठ्याच्या खोक्याला कागदी ताटली टाचली आणि शंभर पावलांवर ठेवली. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा ताटलीएवढीच असते, इथे सगळे ताटलीवरच शिकतात. पिकअपच्या बॉनेटवर तिने वाळूची पिशवी ठेवली. ऑरिन सीटवर बसलेला, दार उघडं, पायाशी प्राणवायूचा सिलिंडर.

“आण इकडे,” तो म्हणाला. “मी भरून देतो.”

“मला भरता येते.”

“तुला सगळं येतं गं. मला हाताला काम दे जरा.”

त्याने तिच्याकडे पाठ करून रायफलीत काडतूस सरकवलं आणि ती तिच्या हातात दिली. वेर्लाने कानांवर झाकणं चढवली. दस्ता खांद्याला. दुर्बिणीत ताटली. श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि चाप ओढला.

टिक.

एवढाच आवाज झाला. काडतूस रिकामं होतं. आणि त्या शांततेत, लाथ मारायला काहीच नसताना, रायफलीचं तोंड वीतभर खाली आपटलं होतं. वेर्लाचा खांदा पुढे आला होता, मान आत गेली होती, डोळे घट्ट मिटले होते. बंदूक स्थिर होती, हलली होती ती वेर्ला. ते दोघांनाही स्वच्छ दिसलं.

मागे सिलिंडरची बारीक सुरसुर ऐकू येत होती.

“कधीपासून?” ऑरिनने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“फांदी नव्हती.”

“नव्हती.”

“मला वाटलंच. फांदीसाठी कुणी प्रभुभोजन सोडत नाही.”

वेर्ला वळली. “सगळं कळत होतं तर ही जादू कशाला केलीस? तोंडाने विचारायचं होतंस.”

“तोंडाने विचारलं तर तू पुन्हा फांदी आणली असतीस. झाडसुद्धा तयार होतं, फरचं.” त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि खोकला बराच वेळ थांबेना. तिने त्याची पाठ चोळली. थांबला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू चार महिने तो दस्ता तासत होतास. प्रत्येक वेळी दम घ्यायला थांबायचास, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मग काय सांगू? तुझी शेवटची बंदूक मला नको म्हणून?”

शेवटची हा शब्द बाहेर पडला आणि तिला तो परत घेता येईना.

ऑरिनने नजर खडीच्या ढिगाकडे वळवली. मग म्हणाला, “सव्वीस वर्षं त्या काउंटरवर उभं राहून लोकांना सांगितलं, मोठी घेऊ नका. तू जर गिऱ्हाईक म्हणून आली असतीस तर तुला मी ही हातात धरू दिली नसती.”

“मग?”

“मग काय. तू तिथे वर एकटी असणार. मी नसणार बाजूला. एखादी गोळी तुझी चुकली तर दुसरी मारायला कुणी नाही, अस्वल आलं तर ओरडायला कुणी नाही. वाटलं, जितकी मोठी देता येईल तितकी द्यावी. माझ्या बदली.” त्याने गोधडी ओढून घेतली. “आणि ते जनावर मीच मारलं. दोन दिवस तडफडून.”

“दोन दिवस नाही. एक रात्र.”

“मोजलंस?”

“मोजावं लागलं,” वेर्ला म्हणाली.

तिथून ते घरी न जाता थेट प्रुएटच्या दुकानाकडे गेले. ऑरिन गाडीतच बसला. दुकानातल्या त्याच्या जुन्या काउंटरपर्यंत चार पायऱ्या होत्या.

आत शेगडीजवळ म्हातारा हॉबर्ट नेहमीप्रमाणे कॉफीचा पेला धरून बसला होता. जन्मभर झाडं तोडली, आता दुकानात बसून लोकांचे लचके तोडायचा.

“अरे एल्डन, ऑरिनची राणी आली बघ! काय गं, तोफ परत करायला आणलीस की काय?”

“हॉबर्ट, तू रोज इथे काय खरेदी करतोस असं तुझी बायको विचारत होती मला.”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, ऊब.”

एल्डन प्रुएट हसत पुढे आला आणि रायफल पाहून गंभीर झाला. “काय झालं वेर्ला? नळीत दोष आहे का?”

“नळीत नाही, माझ्यात आहे.” तिने रायफल काउंटरवर आडवी ठेवली. गाडीतून येताना तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते आठवेना. “मी चाप ओढायच्या आधी डोळे मिटते. गेल्या बुधवारी एल्कचं पोट फोडलं. मला कमी धक्क्याची द्या. बदल्यात ही घ्या.”

टॅमरॅक क्रीकमध्ये माणूस दारू, दिवाळं, घटस्फोट सगळं कबूल करतो. बंदुकीला घाबरतो हे कबूल करत नाही. वेर्लाने हॉबर्टच्या हसण्याची वाट बघितली.

हॉबर्टने पेल्यात बघितलं. “मी बहात्तर सालापासून मिटतोय,” तो म्हणाला. “कुणाला सांगू नका.”

एल्डनने मागच्या फळीवरून दोन रायफली काढल्या. पहिली पुढे सरकवली. “ही टू-फॉर्टी-थ्री. धक्का म्हणशील तर नाहीच. हरणाला पुरून उरते. शनिवारचंच बघायचं तर डोळे मिटून हीच घे.” मग त्याच्या लक्षात आलं आणि तो लाल झाला. “म्हणजे, तसं नव्हे.”

“आणि ती दुसरी?”

“ही सेव्हन ओ-एट. वजन साडेसहा पौंड, म्हणजे तुझ्या या झाडूपेक्षा पाऊण पौंड जास्त. तेवढं वजन खांद्यावर चढताना लागेल, पण धक्का तेच गिळतं. थोडी ढकलते, लाथ नाही मारत. हरणाला चालते आणि एल्कलाही चालते. दोनशे पावलांच्या आत, नीट बरगडीमागे बसली तर.”

“तेही बायकांचंच काडतूस,” हॉबर्ट शेगडीपासून म्हणाला. सवय जात नाही.

“बाईच नेणार आहे,” वेर्ला म्हणाली. तिने दोन्ही आलटूनपालटून खांद्याला लावल्या. टू-फॉर्टी-थ्री खरोखर अंगाला कापसासारखी होती. शनिवारचा विचार केला तर तीच. एक हरीण, एक गोळी, काम झालं.

“सेव्हन ओ-एट,” ती म्हणाली.

“पण तुझी एल्कची चिठ्ठी तर कापून झालीय, वेर्ला. यंदा एल्क कुठून?”

“यंदा नाही. पुढच्या वर्षी नवी मिळेल ना.”

“हो, पण पुढच्या वर्षी ऑरिन…” एल्डन बोलायचा थांबला. खिडकीतून पिकअप दिसत होती आणि तिच्या काचेआड ती नळी लावलेली आकृती. तो मुकाट्याने कागद भरायला लागला.

वेर्ला गाडीत बसली. काडतुसांचं खोकं तिने दोघांच्या मध्ये ठेवलं. ऑरिनने ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

“सेव्हन ओ-एट.”

“हो.”

“टू-फॉर्टी-थ्री दाखवली असेल त्याने.”

“दाखवली.”

ऑरिन खोकं उलटंसुलटं करत राहिला. अक्षरं वाचायला एवढा वेळ लागत नाही. “म्हणजे शनिवारच्या पुढचंही बघितलंस.”

“कुणीतरी बघायला हवं होतं.”

“बरोबर बघितलंस,” तो म्हणाला. “मी काउंटरवर असतो तर हीच दिली असती.” आणि त्याने तोंड खिडकीकडे केलं. घरापर्यंतच्या अकरा मैलांत तो वळला नाही. वेर्लानेही रेडिओ लावला नाही.

बुधवारी तिने खाणीवर जाऊन दुर्बीण लावून घेतली. नऊ गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन वेळा अंग चोरलं गेलं, सवयीने. तिसऱ्या वेळी खांद्याला कळलं की इथे मार नाही. पण खांद्याला कळणं वेगळं आणि डोळ्यांना कळणं वेगळं. म्हणून ऑरिनने तिला घरात बसवलं. रिकामी रायफल, समोरच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, आणि नळीच्या टोकावर पाव डॉलरचं नाणं. चाप ओढायचा आणि नाणं पडता कामा नये. नाणं ठेवायचं काम त्याचं. त्याचा हात इतका थरथरायचा की नाणं ठेवेपर्यंतच दोनदा पडायचं.

“माझ्यामुळे पडलं, ते धरू नकोस,” तो म्हणायचा. “पुन्हा.”

टिक. नाणं पडलं.

“पुन्हा.”

टिक. राहिलं.

“डोळे?”

“उघडे.”

“पुन्हा.”

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण चर्चच्या बायकांनी झाकून आणून दिलं. टर्की, रताळी, क्रॅनबेरीचा मुरंबा. ऑरिनने रताळ्याचे दोन घास खाल्ले. स्पोकेनहून मुलीचा, मार्नीचा, फोन आला. “आई, मांस दुकानात मिळतं गं. या वयात डोंगर कशाला?” वेर्ला म्हणाली, “हो, मिळतं,” आणि मग हवापाण्याचं बोलली. फोन ठेवून तिने जेवणाची ताटं धुतली आणि पुन्हा नाण्यापुढे बसली. शुक्रवारी ती दिवसभर वर फिरली. हरणं दिसली नाहीत. उताराच्या त्या बाजूला, जिथे मादी पडली होती, ती गेली नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ओढ्याच्या काठच्या विलोच्या झुडपांतून एक तरुण नर बाहेर आला. शिंगं बोटभर. एकशे वीस पावलं. वेर्ला पडलेल्या झाडावर पाठपिशवी ठेवून पालथी पडली. तिने देवाकडे नेम मागितला नाही. तो मागायला तिला तोंड नव्हतं. डोळे उघडे राहू देत, एवढंच म्हणाली.

दुर्बिणीत त्याच्या बरगडीमागचे केस हलताना दिसत होते. ते दिसत असतानाच बार झाला. आणि बार झाल्यावरही दिसत राहिलं. केसांत गोळी बसताना, पुढचे पाय उचलताना, झेप, मग तीस-चाळीस पावलं, मग बर्फात तोंड. सगळं तिने बघितलं. त्यातलं काहीही बघण्यासारखं नव्हतं, पण बघणं भाग होतं. ती जवळ गेली तेव्हा डोळ्यांतली चमक गेली होती. मिनिटही लागलं नव्हतं.

आनंद झाला नाही. हात स्थिर होते, तेवढंच तिच्या लक्षात आलं. तिने पोट साफ केलं, चिठ्ठी कापली, दोर बांधला आणि ओढायला लागली. दोघं असताना हे काम तासाभराचं होतं. तिला साडेतीन तास लागले. मोडलेल्या हाडाच्या बाजूने ओढवेना, म्हणून मग पाठमोरी चालून ओढत राहिली.

ऑरिनने खुर्ची गॅरेजच्या दाराशी ओढून घेतली होती. कशी ओढली देव जाणे. गोधडी गुंडाळून, नळी मागे लांबवून तो बसला होता. पिकअपमधल्या हरणाकडे त्याने बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं.

“उघडे होते?”

“होते.”

त्याने मान हलवली. मग बराच वेळ तो बसून तिला कातडं सोलताना बघत राहिला. “मानेजवळ हलक्या हाताने,” असं एकदा म्हणाला. ते तिला येत होतं, तरी तिने हलक्या हाताने केलं. पुडक्यांवर नावं घालायला त्याने पेन मागितलं. तीन पुडक्यांवर लिहिलं. चौथ्यावर अक्षर सरकलं, तेव्हा त्याने पेन तिच्या हातात दिलं.

“आता रविवारी जाऊन घे ते प्रभुभोजन,” तो म्हणाला.

“तुला सांगितलं, ते झालं. त्या मादीला कोण सांगणार?”

रविवारी ती वेदीपर्यंत गेली आणि घेतलं. खाली उतरताना हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

हरणाच्या मांसातलं ऑरिनच्या पोटात किती गेलं? पाचसहा वाट्या रस्सा. डिसेंबरात चावणं बंद झालं, म्हणून ती खिमा करून, शिजवून, गाळून द्यायची. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे तो गेला. जमीन इतकी गोठलेली होती की पुरायला एप्रिल उजाडेल असं चर्चने सांगितलं. तोवर शवपेटी गावाबाहेरच्या दगडी खोलीत ठेवली. त्या खोलीवरून दूध आणायला जाताना वेर्ला गाडी हळू करायची, थांबवायची नाही.

एकट्या बाईला हरीण पुरतं, जास्तच होतं. तिने लहान पातेलं काढलं होतं तरी अंदाज चुकून दोघांचं शिजायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी. नाणं ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती आता नळीवर स्वतःच ठेवायची, मग खांदा लावायची, तोवर ते निम्म्या वेळा पडायचंच. रोज वीसदा. कॅलेंडरवर मार्च लागला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव खात्याचं पाकीट आलं. एल्कच्या परवान्याचा अर्ज. बेचाळीस वर्षं तो जोडीने भरला होता, दोन नावं एका खाली एक, म्हणजे सोडतीत दोघांना एकदम लागावा. वरच्या ओळीत काय लिहायचं हे वेर्लाला कळेना, म्हणून तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि खालची ओळ मोकळी सोडली. एकट्याच्या अर्जाला वेगळा कागद लागतो असं खात्याला फोन केल्यावर तिथल्या मुलीने सांगितलं. तो टपालाने मिळत नाही, समक्ष यावं लागेल. सोमवारी सकाळी तिला तो कागद आणायला तालुक्याच्या गावी, खात्याच्या कचेरीत जायचं होतं.